कालच्या नशेचं सर्टिफिकेट

दिगंबरला आत आणलं तसा सगळ्या दवाखान्यात हातभट्टीचा वास भरला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्याच्या एका बाजूला वडील आबासाहेब, गावचे मोठे जमीनदार. दुसऱ्या बाजूला पोलिसांचे जमादार. दोघांच्या मधे चिरंजीव डुलत होते.

मी तेव्हा मुरूम गावाच्या बाजूला सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर होतो. दारूबंदीचा कायदा आमच्या भागात नवाच होता. पोलीस संशयिताला आणायचे, मी तपासून सर्टिफिकेट द्यायचं. बड्या घरचा असला की मागोमाग कुणीतरी यायचंच, 'प्यायलेला नव्हता' असं लिहा म्हणून. उलटी मागणी त्या दिवशी पहिल्यांदाच आली.

"डॉक्टरसाब, पोरगं लई पिलंय. तसं लिवा," आबासाहेब म्हणाले.

"दिसतंय मला."

"आन् कालपासनं पिलेलं हाय, हे बी लिवा."

काल काय झालं ते मला ठाऊक होतं. काल दुपारी इमामभाई पिंजारी माझ्याच टेबलावर होते. ते रस्त्याकडेला बसून गादीचा कापूस पिंजत असताना दिगंबर तिथून गेला आणि त्याच्या नव्या फेट्यावर कापूस उडाला. एवढ्यावरून त्यानं काठीनं त्यांचा उजवा हात मोडला, कोपराखालची दोन्ही हाडं. पिंजाऱ्याचं सगळं पोट त्या हातावर. प्लास्टर घालताना ते एकच विचारत होते, "साब, हात फिर चलेंगा ना?"

आबासाहेबांनी वकिलाकडून कायदा ऐकून घेतला असावा. नशेत भान नव्हतं म्हणून गुन्हा माफ होऊ शकतो, हे खरं. पण ती नशा कुणी फसवून किंवा जबरदस्तीनं करवली असेल तरच. स्वतःच्या हातानं ढोसणाऱ्याला ही सवलत नाही.

"कुणी पाजली?" मी विचारलं.

"दोस्तांनी. सरबतात घालून. त्याला कायबी कळलं न्हाय."

"ती कालची झाली. आजची कुणी पाजली?"

आबासाहेब जमादारांकडं बघू लागले.

मी जमादारांनी आणलेला कागद वाचला. आरोपीला काल संध्याकाळी सहाला अटक, तेव्हापासून कोठडीत. म्हणजे आजची दारू या गड्यानं पोलिसांच्या कुलपात बसून प्यायली होती. कालच्या नशेचा पुरावा म्हणून आज पोराला पाजून आणलं होतं! इतका बिनडोक बंदोबस्त मी आयुष्यात पाहिला नाही.

"जमादार, कोठडीत सरबत मिळतं का?"

"साहेब, तो कागद द्या जरा. वेळ चुकलीय त्यात."

"कागद आता दवाखान्याचा झाला."

मी दिगंबरचे डोळे पाहिले, त्याला खडूच्या रेघेवरून चालवलं. मधेच तो थांबून म्हणाला, "त्यानं कापूस उडवला म्हणून म्या हाणला. फेटा सोलापूरचा व्हता." आबासाहेबांनी पुढं होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग मी रक्त काढलं, बाटली सील केली आणि लिहिलं: आज अकरा पस्तीसला तपासलं, दारू प्यायलेला आहे, कालच्या स्थितीबद्दल सांगता येत नाही.

"आमच्या घराचा काय तरी मान ठिवा," आबासाहेब म्हणाले.

"इमामभाईंच्या घराचा तुम्ही ठेवलात का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

कोर्टात सरबतवाला एकही दोस्त उभा राहिला नाही. राहणार कसा? दारू पाजली म्हणणारा दारूबंदीच्या कायद्यानं स्वतःच आत जायचा. दिगंबरला मारहाणीची शिक्षा झाली, कोठडीतल्या दारूची वेगळी. जमादार सस्पेंड झाले. इमामभाईंचा हात जुळला, पण वाकडा. कापूस पिंजायची कमान त्यांना पुन्हा पेलली नाही. तो हात माझ्याकडून सरळ जुळला नाही, हे मला अजून खातं.

पुढं नोकरीभर मी शेकडो प्यायलेले तपासले. भान गेलं, कुणाला मारलं ते कळलं नाही, असं त्यातले बरेच जण सांगायचे. त्यांनी बायकोला मारलेलं असायचं, सालगड्याला मारलेलं असायचं. भान जाऊन फौजदाराच्या कानाखाली वाजवलेला मात्र एकही माझ्याकडं आला नाही.