मळखाऊ उंदीर

हे बघा, चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! मी डाव्या हाताने कप का धरलाय, तेही आत्ता विचारू नका, ओघात येईलच. माती मीच खाल्ली, म्हणून मीच सांगतो. नाहीतर आमचे शेजारी नाना अख्ख्या नागावात सांगत फिरतायतच, वर तिखटमीठ लावून.

आमची नारळ-सुपारीची वाडी, मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या. आमची गार्गी सहावीत. तिने धोशा लावला की घरात काहीतरी पाळायचंच. कुत्रा म्हटलं, तर बायको म्हणाली, "कुत्रा आला की मी माहेरी." मांजर म्हटलं, तर गावात कुणाचीही सुकी मांदेली गेली की खापर आमच्यावर. शेवटी गार्गी म्हणाली, "मग उंदीर पाळूया!"

"वाडीतले कमी पडले का?" बायकोने विचारलं.

"ते नाही गं, दुकानातला. हुशार असतो तो. हाक मारली की येतो."

आता तुम्हीच सांगा, नारळवाल्याने उंदीर पाळायचा म्हणजे चोराला जावई करून घ्यायचा! कोवळे नारळ पोखरून खाली टाकतात हो मेले. पण पोरीने दोन दिवस तोंड फुगवलं आणि मी विरघळलो. गेलो तिला घेऊन अलिबागला.

दुकानदाराने पांढराशुभ्र उंदीर काढला. गार्गी हरखली. मी मध्ये पडलो. "पांढरा नको, मळतो. राखाडी दाखवा. मळखाऊ."

"बाबा, तो शर्ट नाहीये!"

"उंदीर तू मला शिकवू नकोस. जन्म गेलाय माझा उंदरांत. शंभरात आपला कुठला, ते लांबून सांगेन."

हे वाक्य लक्षात ठेवा. गार्गीनेही ठेवलं होतं.

मग दुकानदाराने पिंजरा दाखवला. त्यात शिडी काय, झोपाळा काय! म्हटलं, उंदराला झोपाळा? पिंजरा घरात आहे की, एक सोडून दोन! अशा रीतीने आमचा लाडका उंदीर उंदीर पकडायच्या पिंजऱ्यात राहायला आला. पहिल्याच दिवशी त्याने सुका बोंबील फस्त केला, म्हणून नाव पडलं बोंबील. आठवड्याभरात गडी माझ्या बाहीतून आत शिरून कॉलरमधून डोकं बाहेर काढायला लागला. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू?

आता आमच्या घरची एक रीत सांगतो. उंदीर सापडला तर आम्ही मारत नाही, गणपतीचं वाहन ना! पिंजरा उचलायचा, कुंपणापाशी न्यायचा आणि नानांच्या वाडीत दार उघडायचं. पुण्य आपलं, उंदीर नानांचा. माझे वडीलही हेच करायचे.

तर त्या दिवशी सकाळी शाळेत जाताना गार्गी म्हणाली, "बाबा, आज बोंबीलकडे तू बघ हं." म्हटलं, निर्धास्त जा.

ती गेली आणि बायकोने लादी पुसायला म्हणून बोंबीलचा पिंजरा उचलून पडवीत नारळांच्या ढिगापाशी ठेवला. माझा पिंजरा नेमका तिथेच लावलेला असतो. मी वाडीला पाणी लावून आलो, बघतो तर पिंजऱ्यात उंदीर!

मला बघून तो पळाला नाही, उलट दाराशी आला आणि माझं बोट हुंगायला लागला. म्हटलं, काय निर्लज्ज जनावर आहे! कुंपणापाशी नेऊन दार उघडलं, तर उतरेना. पिंजरा उलटा केला, तर माझ्या बाहीत शिरायला बघतोय! "हट मेल्या!" म्हणून झटकला आणि झावळीने पलीकडे ढकलला. रिकामा पिंजरा खोबरं लावून पुन्हा जागेवर ठेवला.

दुपारची झोप काढून उठतो, तर पुन्हा उंदीर. तसाच राखाडी, तसाच निर्लज्ज. पुन्हा कुंपण, पुन्हा झावळी.

"आज दोन!" मी बायकोला ऐटीत सांगितलं.

"बरं झालं. बोंबीलला खोबरं घातलंत का? सकाळपासून पडवीतच आहे तो."

मी पडवीत धावलो. दोन पिंजरे. दोन्ही रिकामे. गार्गी यायला जेमतेम अर्धा तास होता!

कुंपण कसं ओलांडलं ते मलाच माहीत. नाना कोयत्याने नारळ सोलत बसले होते.

"नाना, इकडे एक उंदीर आला का हो?"

"एक? हाजरी घ्यावी लागंल!"

"राखाडी. माझा आहे."

"तुजा? उंदरावर नाव घातलंस काय रं?"

सांगावंच लागलं. वडिलांपासूनचं सगळं. नानांनी कोयता खाली ठेवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"सुध्या, सकाली एक आलता. पलाला न्हाय, माज्या पायावरनं वर चरला. दुपारी आनि एक, तसाच. आज दोन धरले मी."

"कुठे आहेत?"

नाना माडाच्या शेंड्याकडे बघायला लागले.

"नाना?"

"तुज्या वाडीत सोरले. माजा बापूस पन तितंच सोरायचा."

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली.

गार्गीला फाटकातच सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल, रडेल. तिने नुसतं दप्तर खाली ठेवलं आणि खोबरं आणायला आत गेली. मला माझीच लाज वाटली हो.

मग आम्ही तिघं आणि नाना, चौघं वाडीभर ओरडत सुटलो. "बोंबील! ए बोंबील!" दोन शेजारणी ताटली घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, "बोंबलांचा वाटा कसा दिला?"

आणि झावळ्यांच्या ढिगाखालून स्वारी निघाली. गार्गी खोबरं घेऊन वाकली होती, तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तडक माझ्या पायावरून वर, बाहीतून आत, कॉलरमधून बाहेर.

"ह्योच!" नाना ओरडले. "दोनी येला ह्योच व्हता!"

गार्गीने त्याला माझ्या कॉलरमधून अलगद काढून घेतलं. "बाबा, त्याने तुला तीनदा ओळखलं. तू एकदा तरी ओळखलंस? शंभरात ओळखणार होतास ना?"

दुसऱ्याच दिवशी झोपाळ्याचा पिंजरा आणला.

तेव्हापासून पडवीत उंदीर सापडला की आधी हळूच विचारतो, "बोंबील?" परवा एकाने मान वर करून बघितलं. म्हटलं, चूक पुन्हा नको, खात्री केलेली बरी. म्हणून मायेने उजवी बाही पुढे केली.

इंजेक्शनं चालू आहेत. बोंबील आत झोपाळ्यावर होता.