बत्तिसावं नाव

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते चहाबरोबर खारी खावी तसे... संपले की कप विसळायचा आणि कामाला लागायचं. विश्वास असा कधी बसलाच नाही. सव्वीस वर्षं मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काढली. तिथे आकडा जुळला नाही तर टेस्ट पुन्हा लावायची, दुसऱ्यांदाही नाही जुळला तर तिसऱ्यांदा. 'भूत आलं असावं' असं लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. आमचे हे तर म्हणतात, "हिच्यासमोर हडळ उभी राहिली तरी ही आधी तिचा पीएच काढेल." हे सगळं सांगते ते एवढ्यासाठीच, की पुढचं वाचताना मला लगेच भोळी समजू नका.

थोडी ओळख करून देते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनाव 'कर'वालं, घरात मराठी. पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. काही चांगलं झालं की आमच्याकडे एलियाहू हनाबीच्या, म्हणजे आमच्या प्रेषिताच्या, नावाने मलिदा होतो. तो मीही करते, पण खरं सांगायचं तर त्यातल्या गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांसाठी. बोईसरमध्ये आम्ही इतके थोडे, की ज्यू म्हटलं की भाजीवाली विचारते, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" पूर्वी मी समजावत बसायचे. आता "जवळपास" म्हणते आणि मेथी निवडते.

रिटायर झाल्यावर मी ठाण्याच्या आमच्या मंडळींच्या कामात शिरले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना औषधं पोचवायची, सणाला शिधा, शाळांना वह्या-रेनकोट... आणि जोडीला एक अवघड काम – शाळांमधून होलोकॉस्टबद्दल सांगायचं. हिटलरच्या राज्यात युरोपातल्या ज्यूंना, अगदी पाळण्यातल्या पोरांनासुद्धा, कसं वेचून मारलं ते. लहान मुलांना हे भीती न घालता सांगणं सोपं नाही. म्हणून मी फोटोंच्या फलकांऐवजी कार्डं करून घेतली होती. एका कार्डावर एका मुलाचं नाव, वय, गाव. पुस्तिकेतून उतरवलेली, माझ्याच अक्षरातली बत्तीस कार्डं, बुटांच्या खोक्यात. ती एकेक करून मोठ्याने वाचायची. या मुलांना थडगं नाही, मागे प्रार्थना म्हणायला घरचं कुणी उरलं नाही, म्हणून जगभर आमचे लोक अशी नावं वाचतात.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. चिंचणीच्या पुढे खाडीच्या अंगाला एक छोटी शाळा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. चौथी-पाचवीची मुलं एकाच वर्गात बसतात, शिकवायला राऊत बाई. मी सकाळी दहाला रिक्षाने पोचले. बाई मुलांची परीक्षा घेत होत्या, म्हणून मी मागे किचन शेडमध्ये जाऊन बसले. तिथे यमुना म्हणून एक बाई मुलांची खिचडी शिजवत होती. तिशीतली, काटकुळी. तिने न विचारता चहा टाकला.

"खोक्यात काय हाय?" तिने विचारलं.

"नावं आहेत. लांबच्या देशातल्या पोरांची. लढाईच्या काळात मारली त्यांना."

"कुठं पुरलं मग?"

"कुठेच नाही. काही मिळालंच नाही त्यांचं. म्हणून आम्ही नावं वाचतो."

तिने डाव पातेल्यावर आडवा ठेवला. मग अगदी साध्या आवाजात सांगितलं, की तिची रसिका गेल्या फेब्रुवारीत बायांबरोबर कालवं काढायला खाडीत गेली, चौथीत होती, नऊ वर्षांची. भरती चढली, बाकीच्या आल्या आणि ती आली नाही. "आमी आठ दिस बघितलं. काय मिळालंच नाय."

ती पुढे म्हणाली, "बाई एप्रिलपरत हजेरीत तिचं नाव घ्यायच्या. मी इथं ऐकायची. नाव आलं का माजा हात थांबायचा. जूनला नवीन हजेरी आली, त्यात नाय घातलं. नियम हाय, बाई तरी काय करतील? पन आता कोनी तिचं नाव घेतच नाय. घरात घेतलं का सासू रडते, म्हणून घरात नाय." आणि मग माझ्याकडे बघून, "तुमी वाचाल, त्या पोरांच्यात?"

मी नाही म्हटलं... हे लिहिताना आजही मला माझी लाज वाटते. मी समजावलं, की ताई, ही कार्डं त्याच मुलांची आहेत, त्यात दुसरं नाव घालता येत नाही, तसा प्रघात आहे. लॅबमध्ये एका बाटलीतलं दुसरीत ओतायचं नाही, हे अंगात भिनलेलं. ती म्हणाली, "बरं," आणि खिचडी ढवळायला लागली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

साडेअकराला वर्गात गेले. एकतीस मुलं जमिनीवर बसलेली. राऊत बाईंनी ठाण्याला पाठवायला म्हणून मोबाईल टेबलावरच्या डस्टरला टेकवून व्हिडिओ चालू केला. मी थोडक्यात सगळं सांगितलं आणि पहिलं कार्ड उचललं. "लेआ. वय सात."

पहिल्या रांगेतली एक दोन वेण्यांची मुलगी पटकन म्हणाली, "हजर बाई."

वर्ग फिदीफिदी हसला. राऊत बाईंनी डोळे वटारले. मलाही राग आला. एवढ्या गंभीर गोष्टीची चेष्टा? मी जरा कडक आवाजात विचारलं, "का गं, तुझं नाव लेआ आहे का?"

ती रडवेली झाली. "नाय बाई. कोनी बोललंच नाय, म्हणून मी बोलली."

मी कितीतरी शाळांत ती नावं वाचली होती. वाचायची, पुढचं कार्ड घ्यायचं, तास संपायच्या आत उरकायचं. नाव घेतल्यावर कुणी ओ द्यायला हवं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हजेरीची सवय असलेल्या त्या पोरीच्या डोक्यात आलं. माझे डोळे भरले आणि मी ते चक्क मुलांसमोर पदराने पुसले. मग आम्ही ठरवलं, की प्रत्येकाने एका मुलासाठी ओ द्यायची. मुलांना रांगेत उभं केलं, माझ्याकडे तोंड करून. कार्डं बत्तीस, मुलं एकतीस. "शेवटच्या नावाला मी हजर म्हणेन," मी सांगितलं.

आणि सुरू झालं. दाविद, वय अकरा – हजर बाई. मिरियम, वय पाच – हजर बाई. हसू कुठल्या कुठे गेलं. मुलं ताठ उभी राहून, स्वतःचीच हजेरी असल्यासारखी ओ देत होती. एक लठ्ठसा मुलगा तर नाव घेण्याआधीच एक पाऊल पुढे आला. बाहेर खिचडीचा वास सुटला होता, पण एकाचंही लक्ष तिकडे नव्हतं.

एकतीस झाली. शेवटचं कार्ड मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यावरच्या मुलीचं आणि माझ्या आजीचं नाव एकच होतं. गाव पोलंडमधलं, त्याचा उच्चार मला अजून जमत नाही. मी वाचलं, "एस्तेर. वय नऊ." आणि हजर म्हणायला तोंड उघडलं.

"हाजर हाय, बाई."

आवाज दाराकडून आला, जिथे व्हरांड्यात मुलांच्या चपला असतात तिथून. स्पष्ट, लहान मुलीचा, थोडा धापा टाकत... उशीर झाल्यावर पळत आलेलं मूल बोलतं तसा. माझ्यासमोरच्या एकतीसच्या एकतीस माना एकदम दाराकडे वळल्या. दारात कुणी नव्हतं. दुपारचं स्वच्छ ऊन होतं आणि चपला होत्या.

तेवढ्यात शेडमध्ये पातेल्यावरचं झाकण खाली पडल्याचा आवाज झाला. राऊत बाई खुर्चीला धरून हळूच खाली बसल्या. यमुना धावत दारात आली, हातात डाव तसाच. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही, ती चपलांच्या रांगेकडे बघत होती. मग ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "बाई, रसिका असंच बोलायची."

असंच म्हणजे कसं, ते राऊत बाईंनी मला नंतर सांगितलं. सगळी मुलं 'हजर बाई' म्हणायची, एकटी रसिका 'हाजर हाय, बाई.' "अगं, नुसतं हजर म्हण, असं मी वर्षभर तिला सांगत होते," बाई म्हणाल्या. "ऐकलं नाही तिने. आणि रोज उशीर, रोज पळत."

मी काय केलं? मी बाहेर गेले. सवय वाईट. व्हरांडा पाहिला, मैदान पाहिलं, शाळेला दोन फेऱ्या मारल्या. लहान वर्गांची मुलं दुसऱ्या गुरुजींबरोबर पार रस्त्यापलीकडच्या मैदानात होती, त्यांचा गलका लांबून येत होता. कुंपणाशी एक शेळी बांधलेली. बाकी कुणीही नाही. परत आले तेव्हा भीती वाटत नव्हती हे मला नीट आठवतं. देवळात, मशिदीत, आमच्या सिनेगॉगमध्ये, कुठेही गेलं की आपण आवाज खाली आणतो ना, तसं आतून आपोआप झालं होतं.

यमुना दारातच उभी होती. मी तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "मला माफ कर. मी तुला नाही म्हणायला नको होतं."

तिने मान हलवली. "त्या शेवटच्या पोरीचं कोनी नाय ना तिकडं? म्हणून बोलली असंल. तशीच होती ती. कोनी एकटं ऱ्हायलं का त्याच्या बाजूला जाऊन बसायची."

नियम, प्रघात, बाटल्या... सगळं माझ्या डोक्यातून गळून पडलं. मी राऊत बाईंकडे पाहिलं. मला काही बोलावं लागलं नाही. त्या उठल्या, हजेरीचं पुस्तक हातात घेतलं. त्यात नाव नव्हतंच, पण रोज सकाळी उघडतात तसं उघडून धरलं आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "रसिका जयवंत."

"हजर बाई," सगळा वर्ग म्हणाला. त्यात माझाही आवाज होता.

यमुनेने डोळे मिटले होते. डाव धरलेला हात थांबला होता. मग म्हणाली, "खिचडी खाली लागंल," आणि गेली. त्या दिवशी वाढताना तिने पहिली ताटली व्हरांड्यात चपलांशेजारी ठेवली, आणि एकाही मुलाने का म्हणून विचारलं नाही.

व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. त्यात मी "एस्तेर, वय नऊ" म्हणते, मग काही क्षण काहीच नाही, फक्त पंख्याची घरघर. आवाज त्यात नाही. पण एकतीस माना एकाच वेळी दाराकडे वळतात आणि त्यानंतर, लक्षात घ्या, त्यानंतर झाकण पडतं. यमुनेला विचारलं तर म्हणाली, आवाज ऐकला म्हणूनच झाकण हातातून सुटलं. आमच्या ह्यांनीही पाहिला. एरवी माझी टिंगल केल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मुलांना भास झाला म्हणावं, तर मलाही कसा झाला? मी तर रसिकाला कधी ऐकलंच नव्हतं, ती कशी ओ द्यायची हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी ही टेस्ट मनातल्या मनात शंभरदा पुन्हा लावली. आकडा जुळत नाही. तुमच्यापैकी कुणाला जुळला तर जरूर कळवा, पण माझ्या मनात आता तशी घाई राहिलेली नाही.

खोक्यात हल्ली तेहतीस कार्डं असतात. ठाण्याच्या मंडळींना मी सांगून टाकलंय, पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक. दर जानेवारीला त्या शाळेत जाते, यमुनेचा चहा पिते. आणि कुठल्याही शाळेत वाचलं तरी आता उरकत नाही. प्रत्येक नावानंतर थांबते. बहुतेक वेळा समोरचं मूल हजर म्हणतं आणि काहीच होत नाही. तरी मी थोडी जास्तच थांबते... कुणी लांबून पळत येत असेल, तर त्याला दारापर्यंत पोचायला वेळ मिळावा म्हणून.