चंपतरावाची रेती

आदिलाबादच्या कापूस बाजाराजवळ चंपतरावाचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काय, कोणीही काढतं हो. पण फोटोतलं नको ते पुसावं तर चंपतरावानंच! तोंडावरचे देवीचे वण, नवरदेवाच्या डोक्यामागून शिंगासारखा निघालेला विजेचा खांब, सगळं तो निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिल चालवून नाहीसं करायचा. एकदा तर मानपानावरून भांडून गेलेला एक व्याही त्यानं लग्नाच्या ग्रुपफोटोतून असा काही उडवला, की दोन्हीकडची मंडळी खूष झाली. बाजार त्याला 'उस्ताद' म्हणायचा, आणि तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात उद्धवराव वाळवंट पाहून आला, आणि उस्तादाचं हसू तिथंच आटलं.

हा उद्धवराव चंपतरावाच्याच हाताखाली शिकलेला. अंधाऱ्या खोलीत कागद कसा धुवावा, हेही चंपतरावानंच शिकवलेलं. शिकला, आणि पट्ठ्यानं समोरच्याच ओळीत दुकान थाटलं! तेही चंपतरावानं कसंबसं गिळलं. पण उद्धवरावाचा साळा होता फौजेत, जैसलमेरकडं. हा त्याला भेटायला गेला आणि वाळूच्या टेकडीचा हा एवढा थोरला फोटो घेऊन आला. दुकानाच्या काचेत लावला. झालं! तेलगू मास्तर थांबतात, मारवाडी अडते थांबतात, जैनथच्या बसला उशीर झालेली बायामाणसंही टोपल्या खाली ठेवून पाहत उभी राहतात. चंपतरावाच्या दारात काळं कुत्रं फिरकेना. तो आपला दारात बसून जळायचा. उघड सांगतो, जळायचाच! जेवणावरून त्याचं मन उडालं होतं.

शेवटी एकदा चंपतराव रस्ता ओलांडून तो फोटो पाहून आला. नाक काचेला लावून पाहिला आणि त्याला हवं ते सापडलं. टेकडीच्या माथ्यावरून पावलांची एक बारीक रांग गेली होती.

मग काय विचारता! चहाच्या हॉटेलात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "मी शिकोलं त्याले, अन् लेकाच्याले पावलं पुसाची अक्कल नाही! वाळवंट म्हंजे कसं पाह्यजे? माणसाची सावली नाही, खूण नाही! दिवाळीनंतर वाचनालयात फोटोचं प्रदर्शन हाय ना? मी दाखोतो वाळवंट कशाले म्हंतात ते. पयला नंबर माह्या, लिहून ठेवा!"

बोलून तर बसला. आता वाळवंट आणायचं कुठून? जैसलमेरला जायला याचा साळा फौजेत नव्हता, तो इथंच खतं विकायचा. पण उन्हाळ्यात पैनगंगा आटली की जैनथच्या पुढं नुसती रेतीच रेती. पुरानं आणून टाकलेला रेतीचा एक दांडा कमरेएवढा उंच होता. पोटावर पालथं पडून खालून पाहिलं, तर थेट डोंगर! चंपतराव खूष झाला.

फक्त तिथं माणूस फार होता. वैशाखात नदीच्या रेतीत डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागतात. कुठं गाढवाची लीद, कुठं विझलेली बिडी, कुठं बुजगावण्याचा फाटका सदरा. चंपतरावानं पळसाची फांदी तोडली आणि उलट्या पावलांनी मागं सरकत सारा दांडा झाडून काढला. वाऱ्यानं त्यावर पुन्हा लाटा उमटेपर्यंत वाट पाहिली. उन्हं कलली, सावल्या लांबल्या, रेतीची एकेक रेघ उठून दिसायला लागली. तो पालथा पडला, कॅमेऱ्याला डोळा लावला...

आणि डांगरवाडीवाली बयनाबाई डोक्यावर घागर घेऊन दांड्याच्या माथ्यावरून सरळ निघून गेली.

"अवं बाई! काऊन चालून राह्यली तिकून? सारं पुसलं ना मी!"

"अन् मंग मी काय उडत जाऊ? माह्या वेलाईले पानी कोन देईन? नदी तुह्या बापाची हाय का?"

ती गेली. दिवस बुडायला आला होता, परत झाडायला वेळ नव्हता. चंपतरावानं दातओठ खाऊन बटण दाबलं आणि स्वतःशीच म्हणाला, असू दे, पेन्सिल हाय ना! घरी निगेटिव्ह पुढ्यात घेऊन त्यानं बयनाबाईचं एकेक पाऊल भरून काढलं. असं सफाईचं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. फोटो कोणाला दाखवला नाही, बायकोलासुद्धा नाही.

दिवाळी झाली. वाचनालयात दोन्ही फोटो शेजारीशेजारी लागले. हैदराबादहून आलेले परीक्षक चंपतरावाच्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. चंपतरावाची छाती फुगली. मग ते म्हणाले, "उस्ताद, चीज अच्छी है। मगर ये कित्ता बडा है? पहाड है या रेती का ढेर? कुछ समझ में नहीं आता।" आणि उद्धवरावाच्या फोटोवरच्या पावलांवर बोट ठेवून म्हणाले, "ये देखो। आदमी जरा-सा, टीला कित्ता बडा!"

मागून कोणीतरी बोललंच, "चंपतराव, बांधकाम कोनाचं चालू हाय?" सगळा हॉल फिदीफिदी हसला. पहिला नंबर उद्धवरावाचा. चंपतरावाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी उद्धवला घ्यावं, मग मला!

उद्धवराव मात्र हसला नव्हता. तो फोटोजवळ गेला, मान तिरपी करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, इथून कोनी चालत गेलं होतं ना? राहू द्याचं होतं. मी हारलो असतो."

हे तर बक्षिसाहून झोंबलं. मेल्याला पुसलेलंही दिसतं! आणि ही नजर दिली कोणी? आपणच! चंपतराव पाय आपटत घरी आला. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं त्यानं निगेटिव्हवरची सगळी पेन्सिल पुसून काढली आणि नवा फोटो छापला. औषधाच्या पाण्यातल्या कागदावर दांडा वर आला, आणि त्याच्या माथ्यावरून बयनाबाईची पावलं चालत गेली. कमरेएवढा दांडा आभाळाला टेकला होता. जैसलमेर झक मारतं! उद्धव खरं बोलला होता, आणि ते खरं होतं म्हणूनच चंपतरावाचा जीव जास्त जळत होता. हा फोटो आता काचेत लावायची सोय नव्हती. पावलांची टिंगल आपणच भर हॉटेलात केलेली. लोक म्हणाले असते, उस्तादानं चेल्याची नक्कल केली.

तेवढ्यात बायको, रेणुकाबाई, चहा घेऊन आली. ओल्या फोटोकडं पाहून तिचे हात तसेच थांबले.

"आगाई! किती मस्त काढला वं बाई! उद्धवरावानं देल्ला का तुमाले?"

"उद्धवानं? माह्या हाय हा! मी काढला!"

रेणुकाबाई खुदकन हसली आणि चहा त्याच्यापुढं ठेवला.

"काहीही सांगता. तुमच्या फोटोत कधी कोनाचं पाऊल राह्यलं काय?"