हिरवळीची विल्हेवाट

सत्ता म्हणजे दुसरं काही नाही. एखाद्या जमिनीवर कुणी पाय ठेवायचा नाही हे ठरवण्याचा अधिकार, तीच सत्ता. या निष्कर्षाला मी पुष्कळ वाचन आणि पुष्कळ चिंतन करून आलो आहे. चिंतन एका सरकारी कचेरीच्या आवारात झालं, गवत कापायचं मशीन ढकलताना. तिथल्या 'हिरवळीवर चालू नये' या पाटीवरचं 'नये' गंजून गेलं होतं. लोक पाटी वाचायचे आणि तिचा मान राखून हिरवळीवरून चालायचे.

या आवाराच्या निगराणीचा ठेका माझ्याकडे आहे. इतिहासात एम.ए. केलं तेव्हा आपल्याला भूतकाळाची चांगली जाण आहे असं वाटायचं. नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांना तसं वाटलं नाही. पुढे मेव्हण्यानं शेती अवजारांचं दुकान बंद केलं, त्यात न खपलेली दोन मशिनं माझ्या वाट्याला आली. एक ढकलायचं, एक खांद्याला अडकवायचं. त्यावर माझा संसार आणि सरकारी हिरवळ दोन्ही चाललेत.

कचेरी कसबा बावड्याच्या अंगाला आहे. पावसाळा सरत आला की पहाटे पंचगंगेकडून धुकं निघतं, उसाच्या फडांवरून सावकाश येतं आणि आवाराची भिंत ओलांडून आत बसतं. मग इमारतीचा फक्त वरचा मजला दिसतो, खाली काही नाही. झेंड्याचा खांब हवेतच सुरू होतो. अशा वेळी मशीन सुरू केलं की तासाभरानं आपण त्याला ढकलतोय की ते आपल्याला कुठं घेऊन चाललंय, हे कळेनासं होतं. कापलेल्या गवताला कच्च्या काकडीसारखा वास येतो. मागून चारपाच बगळे चालत असतात, एकमेकांत अंतर राखून, निवेदन द्यायला आलेल्या शिष्टमंडळासारखे. त्यांच्याकडे बघत मी कित्येकदा एकच पट्टा दोनदा कापला आहे.

इमारतीच्या मागं दोन एकर मोकळी जागा आहे. तिथं मशीन चालत नाही, दगड फार. ती जागा मावशी विळ्यानं कापते. मावशी बावड्याचीच, साठीच्या आसपासची, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून कामाला. दुपारी ती कापलेल्या गवताचा भारा बांधते, डोक्यावर चुंबळ ठेवते आणि भारा घरी म्हशीला नेते. सुरुवातीला एकदा मी उदारपणे पुढच्या लॉनचं गवतही ने म्हणालो होतो.

"तुझ्या मशिनीचं?" ती म्हणाली. "पेट्रोलचा वास मारतोय त्येला. माजी म्हस त्येच्याकडं बघत बी न्हाय. तूच खा."

तेव्हापासून ते मी झाडांच्या आळ्यांत टाकतो. पण त्यातून मला एक गोष्ट लक्षात आली. तेच पातं इमारतीपुढं असलं की हिरवळ, मागं असलं की गवत आणि मावशीच्या डोक्यावर चढलं की वैरण. पहिल्या दोन शब्दांवर कचेरीत फाइली होत्या. तिसरा शब्द तिथं कुणाला माहीतच नव्हता, आणि त्यामुळे सगळं सुरळीत होतं.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. पुण्याकडचे, इस्त्रीचे, बोलताना प्रत्येक वाक्यात 'शास्त्रोक्त' म्हणणारे. आल्या आठवड्यात त्यांनी परिपत्रक काढलं. आवारातून निघणाऱ्या सर्व हरित कचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावावी, तशा केंद्राची माहिती सोबतच्या तक्त्यात भरून द्यावी, अन्यथा पुढच्या सोमवारपासून सगळं गवत खताच्या डेपोची गाडी उचलून नेईल.

मी मावशीला वाचून दाखवलं. ती विळ्याला धार लावत होती, ती थांबली.

"कचरा कुणाला म्हनतोय त्यो?"

तिची म्हैस तेव्हा गाभण होती आणि आटलेली. दूध बंद, खाणं चालू. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीत उसाच्या शेंड्यांचं वाडं मिळतं, मग वैरणीची चिंता नसते. पण हंगामाला अजून दीड महिना होता. तोवर या मागच्या गवतावरच म्हैस जगायची होती. गल्लीतला एक जण ही म्हैस विकत घ्यायला टपून होता आणि रोज जाता-येता 'काय आत्ती, मग ठरलं काय?' असं विचारून जायचा.

"भारा बंद झाला तर इकावीच लागंल," मावशी म्हणाली. "ईस वर्सं ह्या दावणीला म्हस हाय. हिची आय हितंच व्याली, हिची आज्जी बी." आणि पुन्हा विळ्याला धार लावू लागली.

तक्ता घेऊन मी आतल्या कारकुनाकडे गेलो. हा मंगळवार पेठेतला, तालमीत घुमलेला. फाइलसुद्धा डाव टाकल्यासारखी उचलतो.

"भावा, भर की त्यात काय," तो म्हणाला. "केंद्राचा प्रकार?"

"म्हैस."

"म्हैस नको लिहूस. म्हैस लिहिलं की पशुसंवर्धनकडं जातंय, तिकडनं वर्षभर येत न्हाय. जैविक लिही."

मी जैविक लिहिलं.

"क्षमता?"

"दिवसाला अख्खा भारा. गाभण आहे म्हणून."

"गाभण नको. 'विस्ताराधीन' लिही. वीज जोडणी?"

"नाही."

"मग पर्यावरणपूरक. अंतिम उत्पादन?"

मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं खिडकीतून मागच्या गवताकडं.

"सेंद्रिय खत," तो म्हणाला. "ते तर खोटं न्हाय न्हवं?"

खोटं त्यात काहीच नव्हतं. घरी जाऊन मी तक्ता तीनदा वाचला. प्रत्येक शब्द खरा होता आणि म्हैस कुठंही नव्हती. इतिहासाची साधनं अशीच तयार होतात अशी मला पूर्वी शंका होती.

चूक एवढीच झाली की साहेबांना तक्ता फार आवडला. अशा प्रकारचं केंद्र जिल्ह्यात दुसरं नाही, ते म्हणाले, आणि शनिवारी प्रत्यक्ष पाहणी ठेवली. मी पळून जायचा विचार केला. कारकून म्हणाला, "जातोस कुठं? ठेका तुझाच हाय."

शनिवारी सकाळी धुकं होतं. जीप बावड्याच्या गल्लीत शिरेना म्हणून साहेब उतरून चालत आले. मागं कारकून, हातात फाइल. दोन्ही बाजूंनी उसाचे फड, आणि धुक्यातून साहेबांचे नुसते खांदे पुढं सरकताना दिसत होते. मला वाटलं, गल्ली अशीच लांबत जावी, आपण पोचूच नये. पण गोठा आला.

मावशीनं अंगण सारवलं होतं. "या पावणं, बसा," ती साहेबांना म्हणाली आणि एक घमेलं पालथं घालून दिलं.

"केंद्र कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ह्ये काय, रवंथ कराया लागलंय की."

म्हैस बसली होती. तिनं साहेबांकडे पाहिलं. म्हशीच्या बघण्यात ना आदर असतो ना अनादर. ती बघते, एवढंच. कारकून फाइलच्या नाड्या सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. म्हशीचा जबडा गोल, सावकाश फिरत होता आणि मला माझं मशीन, धुकं आणि बगळे आठवले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला झोप येत होती.

मावशीनं चहा आणला. "कोरा हाय. आटलीया न्हवं, दूध न्हाय. ही गेली तर म्होरं बी न्हाय."

साहेब घमेल्यावर बसले. कोरा चहा पूर्ण प्याले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कितवं वेत?"

"तिसरं. दोनदा व्यालीया."

"आमच्याकडं होती एक," ते म्हणाले. कप खाली ठेवला. शास्त्रोक्त हा शब्द त्या सकाळी त्यांनी एकदाही काढला नाही.

मग त्यांनी कारकुनाकडून फाइल घेतली, मांडीवर ठेवली आणि लिहिलं, "केंद्राची समक्ष पाहणी केली. प्रक्रिया समाधानकारक व विनाखंड चालू आहे. सर्व गवत याच केंद्रास द्यावे. केंद्रांची संख्या दर तिमाहीस कळवावी."

सोमवारी डेपोची गाडी आली नाही. मावशीचा भारा जात राहिला. कारखान्याचा हंगाम सुरू होण्याच्या चार दिवस आधी म्हैस व्याली, आणि पुढच्या तिमाही तक्त्यात केंद्रांच्या संख्येपुढं मी दोन असं लिहिलं.

दुसरं केंद्र रेडा आहे.