शंतनूच्या नावावरचं शेवटचं काम

आमच्या समोरच्या दारातली नूपुर नेमकं काय करते, हे मजल्यावर कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिच्या आईला, कालिंदीवहिनींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "दुसऱ्यांची भांडणं वाचते. आणि त्यासाठी हिला स्कॉलरशिप मिळते, ऐका!"

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. जगभरातली कितीतरी माणसं गट करून फुकट सॉफ्टवेअर बनवतात. कुणी कोणता बदल केला, त्यावर कोण काय बोललं, कोण कुणावर रुसलं, सगळं नेटवर उघडं राहतं. नूपुर अशा शेकडो गटांचं वर्षानुवर्षांचं बोलणं उपसत बसायची. मला तिने सोपं करून सांगितलं होतं. "मावशी, आपल्या गणपती मंडळात एखादा पोरगा मर मर राबतो आणि एक दिवस यायचाच बंद होतो. का, ते कुणी विचारत नाही. मी तेच शोधते."

तिचा थोरला भाऊ शंतनू अशाच एका गटात होता. दिवसा बँकेतली नोकरी, घरी आला की हे. संगणकावरचं मराठी अंध माणसांना मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता त्यांचा. तो आवाज वाक्य संपलं तरी दम न घेता पुढे पळायचा. त्याला थांबायला शिकवायचं काम शंतनूने अंगावर घेतलं होतं. कॉमन गॅलरीत लॅपटॉप आणून मला ऐकवायचा.

"मावशी, आता जमलं? की अजून धावतंय?"

"तुझ्या आईसारखं बोलतंय. श्वास म्हणून घेत नाही."

आतून वहिनी ओरडायच्या, "मला ऐकू येतंय हं!"

ते काम त्याने गटाकडे पाठवलं आणि त्याच आठवड्यात परळच्या इस्पितळात गेला, तो परत आला नाही. मेंदूत रक्तस्राव. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

गटातल्या लोकांना हे कुठून कळणार? त्यांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. तिथे नवं काम आलं की जुनी मंडळी ते तपासतात, दुरुस्त्या सांगतात, त्या झाल्या की मगच घेतात. शंतनूच्या कामाखाली कुणीतरी लिहिलं, झकास झालंय, एवढी एक चूक सुधार म्हणजे घेऊनच टाकतो. मग काही दिवसांनी, शंतनू, कामात आहेस का? मग, बरा आहेस ना? नूपुर हे सगळं वाचत होती, कारण तिच्या प्रबंधातला सगळ्यात मोठा गट तोच होता.

"अगं, कळव ना त्यांना," मी म्हटलं.

"ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्यात आपण तोंड घालायचं नसतं, मावशी. अभ्यास बिघडतो. सुचित्रा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलंय." सुचित्रा मॅडम म्हणजे तिच्या गाइड.

नियम खरा असेल. पण तो सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने एकदा कळवलं की तिथेही तो गेलाच असता.

वहिनी रोज जेवताना विचारायच्या, "घेतलं का गं त्याचं काम?" त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. शंतनूचं काहीतरी अजून पुरं व्हायचंय, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

"घेतील," नूपुर म्हणायची.

मग तिकडून सूचना आली. उत्तर नाही, म्हणून हे काम लवकरच बंद करण्यात येईल. कुणी माणसाने लिहिलेली नव्हे, आपोआप निघणारी. त्या दुपारी नूपुरने शंतनूचा लॅपटॉप उघडला. पासवर्ड तिला ठाऊक होता. चूक किरकोळ होती, तिने सुधारली आणि त्याच्याच नावाने लिहिलं, "उशीर झाला, माफ करा. आता बघा."

दिवेलागणीला ती अनवाणीच माझ्या दारात आली. फोन पुढे केला आणि इंग्रजीतला मजकूर स्वतःच मराठीत सांगायला लागली. "लिहितायत, आलास का रे! लिहितायत, किती काळजी केली आम्ही. हा एक स्वतः अंध आहे. हा म्हणतो, मी रोज बघत होतो तुझं नाव येतंय का..."

वहिनी तिच्या मागोमाग येऊन उभ्या होत्या. "त्यांना तो आला असं वाटलं?"

"हो, आई."

"मग आत्ता सांग खरं. तो इस्पितळात होता तेव्हा तुम्ही सगळी मला 'बरा आहे, बरा आहे' म्हणत होतात ना, तसं त्यांना नको."

नूपुरने माझ्याच स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून, आपल्या नावाने लिहिलं. शंतनू गेला. मी त्याची बहीण. आज दुपारी त्याच्या नावाने आलेलं मीच लिहिलं होतं.

पुष्कळ जणांनी हळहळून लिहिलं. मग गटातल्या जुन्या माणसाने फार हळुवारपणे कळवलं की, हे काम माझं, अशी ग्वाही ज्याची त्यानेच द्यायची असते. त्याच्या नावाने दुसऱ्याचा हात लागला, त्यातलं नक्की त्याचं किती याची खात्री उरली नाही, म्हणून आता हे घेता येणार नाही. कुणीतरी पहिल्यापासून नव्याने लिहील. आधी कळलं असतं तर ती चूक आम्हीच आमच्या नावाने सुधारली असती आणि बाकीचं त्याच्या नावावर घेतलं असतं.

सुचित्रा मॅडम रागावल्या नाहीत. तो गट प्रबंधातून काढावा लागेल, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी आमटी द्यायला गेले तेव्हा मायलेकी जेवायला बसत होत्या.

"घेतलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही, आई. माझ्यामुळे नाही घेतलं."

वहिनींनी तिच्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली. "जेव," म्हणाल्या. आणि पळी हातात तशीच धरून, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने रडल्या.