मामांचा चॉइस

एका इंग्रजी शब्दावर इतका जीव लावणारा माणूस शहापूर-मुरबाडात माझ्या मामांआधी झाला नाही आणि नंतरही झाला नसावा. तुम्ही मुलं फोनवर ऊठसूट ‘माझा चॉइस’ म्हणता ना, तोच तो शब्द. मामा मुरबाडला इंग्रजी शिकवत. ते सांगत, या शब्दाच्या अगदी जुन्या मुळाचा अर्थ चव घेणं. आपल्या संस्कृतातला ‘जुष्’ त्याचाच चुलतभाऊ. पुढे शब्द फ्रान्सला जाऊन आला, त्याचा अर्थ निवड झाला, मग निवडलेली उत्तम वस्तू. पण मूळ जिभेवरच, असं म्हणून मामा प्रत्येक गोष्ट चाखून घेत. शहापूरच्या बाजारात तांदूळ घ्यायचा तर पोत्यापोत्यातले दाणे चघळत उभे राहत. दुकानदार म्हणे, “मास्तर, तुमी हितंच जेवून जा, घरी न्यायला काय उरत नाय.” एकदा तर त्यांनी शाई चाखली आणि निळ्या जिभेनं वर्ग घेतला.

माझं मॅट्रिक झालं आणि शहापूरहून मंडळी मला बघायला आली. तेव्हा मुलीनं मान खाली घालून बसायचं, सांगितलं की चालून दाखवायचं, होकार-नकार त्यांचा. मला पुढे शिकायचं होतं, पण विचारणार कोण? त्यांना मी पसंत पडले. वडील सुपारी फोडायला निघाले, तेवढ्यात मामांनी ती उचलून मुठीत धरली. आधी पोरगी मुलाशी बोलेल, मग फोडा, म्हणाले. मुलाचे काका तडकले, “आमी मुलगी बघायला आलोय मास्तर, मुलगा दाखवायला नाय.”

“मग मुलाला टोपलीखाली झाकून आणायचं होतं,” मामा शांतपणे म्हणाले.

स्थळ जातंय म्हणून वडिलांचा चेहरा उतरला. पण मुलगाच हसला आणि उठून परसात आला. ते तुमचे आजोबा. चिंचेखाली मी एवढंच विचारलं, मला पुढे शिकू द्याल का? ते म्हणाले, शहापुरात पुस्तकं मिळत नाहीत, मी कल्याणहून आणत जाईन. आत येऊन मी मामांकडे बघून मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, मामा, एवढा हट्ट कशाला धरलात? मामांचं लग्न लहानपणीच लागलं होतं. मामी मोठी होण्याआधीच तापानं गेली. तिच्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्या दिवशी ओटीवर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला कुणी विचारलं नव्हतं गो. मी तिला आवडलो असतो का, ते कळायचं राहूनच गेलं.”