एक ठिपका की दोन

संघपालने ते नाणं दंतमंजनाने घासलं, तेव्हा आपण मोठं पुण्याचं काम करतोय असंच त्याला वाटत होतं. भिवापूरला त्याची आई बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी चांदीच्या तोरड्या अशाच घासायची. दुसऱ्या दिवशी पुण्याहून जुन्या नाण्यांचे तज्ज्ञ सुमंत सर येणार, त्यांच्यापुढे काळंकुट्ट नाणं कसं ठेवायचं? एम.ए. झालेल्या माणसाने दहा मिनिटं बोट रगडलं आणि दोन हजार वर्षांचं रोमन नाणं सदऱ्याच्या बटणासारखं लखलखलं. काळेपणासोबत एक ठिपकाही गेला.

त्या ठिपक्यावर रामाजी ढोक्यांचं म्हातारपण टेकलं होतं.

रामाजी म्हणजे इतवारी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून पंचेचाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. पण मराठी, हिंदी, इंग्रजी, जरीपटका वस्तीतल्या गिऱ्हाइकांची सिंधी, चिठ्ठीवर जे असेल ते पातेल्यावर जसंच्या तसं उतरायचं. अर्थ विचारला की म्हणत, "वाचता येत असतं तं पायरीवर बसलो असतो काय गा? मी फक्त पाहतो." पुढे आंदणात भांड्यांऐवजी पाकिटं आली. उरल्यासुरल्या भांड्यांसाठी दुकानदाराने करंटवर चालणारं पेन घेतलं आणि रामाजींच्या पायरीवर पाण्याचा कॅन ठेवला.

संघपाल एका ट्रस्टच्या संग्रहालयात कंत्राटावर होता. तिथे त्रेचाळीस रोमन नाणी आली होती, सगळी इतकी झिजलेली की राजाचं नाक कुठलं न् कान कुठला हेही ओळखू येईना. पुस्तक उघडून आठ दिवस डोळे फोडल्यावर त्याने एका नाण्याचा फोटो गमतीनेच गावाकडच्या ओळखीतल्या रामाजींना दाखवला.

"काका, वाचून दाखवा बरं."

रामाजींनी फोटो मोठा केला, वाकडा केला. "कोरणाऱ्यानं आधी टोकाले ठिपके देल्ले, मंग रेघेनं जोडले. रेघ आधी झिजते, ठिपका मागून. तू रेघ पाहून राहिला न बाबू, ठिपके पाय ना!"

नंदनवन वस्तीतला हा म्हातारा रोज दोन बस बदलून येऊ लागला. महिन्याभरात त्याने अकरा नाण्यांवरची तुटकी अक्षरं चौकटीच्या कागदावर उतरवली. संघपालने ती पुस्तकातल्या ओळींशी ताडली, अकराही जुळली. ट्रस्टच्या नंदिनीताई म्हणाल्या, सुमंत सरांनी मान्य केलं तर उरलेली बत्तीस नाणीही रामाजींनाच देऊ. टेबल, खुर्ची, आणि छापील यादीत 'वाचन : रामाजी ढोके'. अंजनाबाईंनी नवऱ्याचा लग्नातला सदरा इस्त्रीला टाकला.

भांडण त्या अकरांतल्या एकाच नाण्याचं होतं. चेहऱ्याभोवतीचं एकच अक्षर थोडं शिल्लक होतं. सर फोटोवरून म्हणत होते, तो आर, नाणं टायबेरियस बादशहाचं. रामाजी म्हणत होते, तो पी. आणि टायबेरियसच्या चेहऱ्याभोवतीच्या ओळीत पी येतच नाही, ऑगस्टसच्या येतो. आर असता तर त्याच्या दोन पायांचे खाली दोन ठिपके दिसले असते. इथे एकच होता. फोटोत तो नीट येत नव्हता, पण घासण्याआधी भिंगातून तो संघपालनेही पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी आल्या आल्या ते नाणं भिंगाखाली धरलं. "कुठे आहे हो तुमचा तो ठिपका? इथे तर काहीच नाही."

रामाजी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी नाणं नाकाजवळ नेलं. दंतमंजनातल्या लवंगेचा वास आला असावा. त्यांची नजर संघपालच्या बोटांवर गेली. नखांत पांढरी पूड होती.

संघपालच्या कंत्राटाची मुदत एक तारखेला संपत होती. त्याने हात खिशात घातले.

"म्हातारपण हाय साहेब," रामाजी म्हणाले. "दोन असतीन."

"हौस चांगली आहे तुमची," सर म्हणाले, "पण हे शास्त्र आहे."

नंदिनीताईंनी चहा मागवला. खुर्ची मागवली नाही.

खाली जिन्यात रामाजींनी चप्पल घालता घालता विचारलं, "पोट्ट्या, मी कोणाले काही सांगत नाही. मले फक्त एक सांग. काल तुले एकच दिसला होता ना? का माह्येच डोळे गेले?"

"काका, वर बोलावून राहिले. मंग सांगतो."

वर कोणीही बोलावत नव्हतं.

यादी छापून आली. त्या नाण्याखाली टायबेरियस, न वाचलेल्या बत्तिसांपुढे 'अवाचनीय'. अकरांतल्या उरलेल्या दहांचं वाचन 'संग्रहालयाचे कर्मचारी' यांनी केलं. म्हणजे संघपालने, कारण कर्मचारी तो एकटाच. त्याचं कंत्राट वाढलं. रामाजी आता मनीषनगरात एका इमारतीच्या फाटकावर बसून येणाऱ्यांची नावं वहीत लिहून घेतात. अंजनाबाई सांगतात, भांड्यावरचं नाव जरा पुसट दिसलं तरी ते आता आधी त्यांनाच विचारतात, "हे काय हाय, पाय बरं."

संघपाल तिकडे गेला तरी मागच्या रस्त्याने जातो.

परवा रामाजींचा फोन आला. जेवला काय, आई कशी आहे, भिवापूरला पाऊस पडला काय, सगळं विचारून झालं. फोन ठेवला मात्र नाही.

"आवाज कटून राहिला काका," संघपाल म्हणाला आणि त्यानेच फोन ठेवला.

एक 'हो' द्यायचा होता. अजून दिलेला नाही.